साय कुणी काढली

८ ऑक्टोबर

आजपासून आमच्या ओसरीत दूध संकलन केंद्र सुरू. पुढारी बोलावले नाहीत, त्यामुळे भाषण झालं नाही आणि दूध वेळेवर गेलं. नारळ बायकोने, विमलने फोडला.

फॅटची मशीन, लॅक्टोमीटर, कॅन, सगळं दारव्ह्याहून दूध संघाच्या गाडीतून आलं. संघाचा माणूस अट सांगून गेला. गावाच्या एकत्र दुधाला फॅट सहाच्या वर पाहिजे. सतत खाली लागलं तर गाडी आमच्या फाट्यावर वळणार नाही. मी म्हटलं, निर्धास्त जा. सारी नोकरी वजनमाप निरीक्षक म्हणून काढली. यवतमाळच्या दुकानदारांनी मला पाहून पारड्याखालचे चुंबक गिळायचे बाकी ठेवले होते. माझ्या ओसरीतून भेसळ जाणार नाही.

सर्वांत चांगलं दूध कांताबाईचं निघालं. फॅट सात पूर्णांक आठ. ही निळ्या झेंड्याच्या चौकात राहते. नवरा नाही, लेक निकिता घाटंजीला दिली आहे. एकच म्हैस, आपली नागपुरी, तलवारीसारख्या लांब शिंगांची. नाव चंद्री. मी आकडा मोठ्याने सांगितला तेव्हा पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "भाऊ, चंद्रीचं दूध बोटाले चिकटते. धुतलं तरी लवकर जात नाई."

मागून उकंडा म्हणाला, "मंग पुढच्या सरपंचकीले चंद्रीलेच उभी करू न."

या उकंडाच्या जिभेचा रोज त्रास होणार, हे पहिल्याच दिवशी दिसलं.

१६ ऑक्टोबर

मुऱ्हा म्हैस घेतली. काळी कुळकुळीत, शिंगं जिलेबीसारखी वळलेली. केंद्र चालवणाऱ्याच्या गोठ्यात एक भाकड म्हातारी म्हैस बरी दिसत नव्हती. विमलचं आपलं वेगळंच. "चांगली असती तं त्यानं इकली कायले असती?"

दूध मीच काढतो. लहानपणी शिकलेलं हातातून गेलेलं नाही. आमचं दूध मशीनला लावत नाही, सरळ कॅनमध्ये ओततो. घरच्या दुधात काय शोधायचं?

२७ ऑक्टोबर

विमल सकाळी रवी हातात घेऊनच ओसरीत आली. "अहो, म्हातारीच्या निम्म्या दुधात याच्याहून जास्त लोणी निघे. या बाईच्या सायीले दमच नाई. अन् चहा बी खारट लागते."

मी म्हटलं, विरजण नीट लाव, आणि चहात मीठ पडलं असेल तर डबे वेगळे ठेव. लोकांसमोर असं बोलू नये, एवढंही हिला कळत नाही.

३ नोव्हेंबर

संघाच्या शिबिरात सांगितलं की दूध काढण्याआधी कास पुसा. सगळ्यांनी माना हलवल्या, चिवडा खाल्ला आणि एसटीने परत आले. आमच्याकडे मान हलवली की काम झालं. तेव्हा मीच उदाहरण घालून द्यायचं ठरवलं. बादलीत कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी, त्यात पांढरं स्वच्छ कापड. सकाळी मुऱ्हेची कास पुसली, दूध काढलं, हात गरम होते तोवर तीच बादली घेऊन थेट कांताबाईकडे गेलो. पहिला मान तिचा, कारण पहिलं फॅट तिचं.

चंद्री परक्या हाताला बिचकली. कांताबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि शेजारणींना हाका घातल्या, "या वं बायाहो, पाहा! भाऊ माह्या चंद्रीचं दूध काढून राह्यले!" मी कास कशी पुसायची, सड कसे पुसायचे, सगळं दाखवलं. बाया लक्ष देऊन पाहत होत्या.

तिने चहा केला. कपबशी नवी काढली होती. मी घेतला. आमच्या वडिलांनी घेतला नसता.

१३ नोव्हेंबर

आज मन खट्टू झालं. कांताबाईचं फॅट पाच पूर्णांक दोन.

काल साडेपाच होतं, परवा सहा. आधी मशीनवर संशय घेतला. उकंडाचं दूध दोनदा लावलं, दोन्ही वेळा सात. म्हणजे मशीन बरोबर. मग लॅक्टोमीटर सोडला, तो आपल्या नेहमीच्या जागी. म्हणजे पाणी नाही, असं कुणीही म्हटलं असतं. मी म्हटलं नाही. साय काढली की दूध जड होतं आणि लॅक्टोमीटर वर उचलला जातो. मग त्यात बेताचं पाणी घातलं की तो पुन्हा जागेवर येतो. दोन चोऱ्या एकमेकींना झाकतात. हे डोकं त्या बाईचं असेल असं वाटलं नव्हतं.

लेक बाळंतपणाला यायची आहे. तुपाची सोय चालली असेल.

१४ नोव्हेंबर

तिचं दूध बोटावर घेऊन चाखलं. खारट. झालं. पातळ केलेलं दूध लॅक्टोमीटरला जड दिसावं म्हणून मीठ टाकतात, हे शिबिरात सांगितलंच होतं. साखळी पुरी झाली.

मी तिला कोपऱ्यात नेऊन बोलू शकलो असतो. पण चोरी रांगेसमोर झाली, तर विचारणाही रांगेसमोर व्हावी, हा माझा नोकरीपासूनचा नियम आहे.

म्हटलं, "कांताबाई, हे चाख."

"माह्या घरचंच तं हाये, भाऊ. काय चाखू?"

"चाख म्हटलं ना."

तिने चाखलं. पुन्हा बोट बुडवून चाखलं. मग म्हणाली, "खारट लागते."

"कुठून आलं मीठ?"

"मले काय मालूम? म्हशीले इचारा लागन."

लोक हसले. उकंडा म्हणाला, "चंद्री आता फोडनी घालूनच देऊन राह्यली, बाप्पा!" आणखी हसले. कांताबाईने बरणीचं झाकण लावलं. ते नीट बसेना. तशीच घेऊन गेली.

१९ नोव्हेंबर

दुपारी कांताबाई आली. कापूस वेचून तशीच आलेली, केसांत पुंजके अडकलेले.

"भाऊ, म्हशीले काई झालं असन. ढेप घालून राह्यली, सरकी घालून राह्यली. खाते बी. पन अंगाले लागून नाई राह्यलं. पाठीची हाडं वर आली. दारव्ह्याच्या डाक्टरीनबाईले फोन करा न. तुमचा फोन असला तं ते येतीन."

मी तिला शांतपणे समजावलं. कासेला सूज नाही, गाठ नाही, दुधात रक्त नाही, म्हैस चारा खाते. मग आजार कुठला? सरकारी डॉक्टरीण बोलवायची आणि चार माणसांत तिच्यासमोर हसं करून घ्यायचं? म्हैस वाळली असेल, तर ढेप म्हशीच्या पोटात जात नसेल.

हे शेवटचं मी तोंडावर बोललो नाही. पण तिला समजलं असावं.

"मंग तुमीच या," ती म्हणाली. "तुमच्या हातानं काढा अन् पाहा. निकिता पुढच्या महिन्यात येनार हाये, पयलटकरीन. चंद्रीच्या भरवशावर बलावलं म्या तिले. तिच्या सासूले तसं सांगून ठेवलं."

२० नोव्हेंबर

पहाटे मुऱ्हेची धार काढून झाली आणि बादली घेऊन निघालो. साक्षीदार म्हणून उकंडाला सोबत घेतलं. कांताबाईला हात लावू दिला नाही. मीच कास पुसली, मीच दूध काढलं, झाकण मीच लावलं. ओसरीत सर्वांसमोर मशीनला लावलं.

चार पूर्णांक नऊ.

क्षणभर मीच गडबडलो. कांताबाई मोठ्याने म्हणाली, "आता बोला, भाऊ. तुमच्याच हातानं निघालं. आता साय कोनं काढली?"

रांग माझ्याकडे पाहत होती. पण मी अशा प्रसंगांतून गेलेला माणूस आहे. लगेच उलगडा झाला. जनावराच्या दुधात सगळं फॅट शेवटच्या धारांत असतं. चंद्री मला पान्हा पुरता सोडत नव्हती. तिला तशी सवय लावली असणार. पातळ दूध केंद्राला, आणि म्हैस पुन्हा पान्हवून शेवटच्या घट्ट धारा घरात. मी हे सांगितलं तेव्हा दोघातिघांनी माना हलवल्या. कांताबाईचं दूध आजपासून बंद, असं जाहीर केलं.

ती म्हणाली, "गोठ्यात पाहून घ्या, घरात पाहून घ्या. तुपाचा डबा सापडला तं मले गावातून हाकला."

घरात शिरायचा मला अधिकार नाही, म्हणून गेलो नाही.

उकंडा मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, माहीबी म्हैस एकडाव काढा. उद्या या चोरीत माहा नंबर नाई लागला पाह्यजे." त्याचीही काढली. कास पुसून, नीट. फॅट सात. शाबासकी दिली.

२४ नोव्हेंबर

तांड्यावर रुपीबाईकडे जाऊन आलो, मग आणखी तीन घरी. सगळीकडे फॅट उत्तम. रोज मुऱ्हा झाली की बादली उचलतो. लोक म्हणतात, या वयात साहेबांची मेहनत पाहा. कापड रोज संध्याकाळी धुऊन वाळत घालतो.

२ डिसेंबर

माणसांचा वीट आला आहे.

उकंडा पाच पूर्णांक चार. रुपीबाई पाच. बाकीचे तिघेही उतरले. ज्यांच्या घरी मी गेलो नाही, त्यांचं फॅट जसंच्या तसं आहे. हे काय गौडबंगाल? विचार केल्यावर कळलं. मी तपासताना समजावून सांगतो, साय अशी निघते, पान्हा असा चोरतात. तेच ऐकून हे शिकतात. ज्यांना मी शिकवलं नाही, ते अजून सरळ आहेत. चोरी साथीसारखी पसरते म्हणतात, ते खरं आहे.

रुपीबाईने भर रांगेत मला ऐकवलं. "साहेब, माह्या घरी पाच लेकरं. साय काढली असती तं ते मले तरी दिसली असती का?"

उकंडा आज विनोद करत नव्हता. म्हणाला, "तुमचा हात लागला का दूध पातय होते, बाप्पा."

मी त्याला बाहेर काढलं.

५ डिसेंबर

विमलने चहात दूध घालणं सोडलं. काळा चहा पिते. विचारलं तर म्हणते, "सवय करून राह्यली."

१० डिसेंबर

संघाची ताकीद आली. एकत्र दूध सहाच्या खाली आहे. सुधारणा झाली नाही तर नववर्षापासून गाडी बंद. तपासायला जनावरांची डॉक्टर पाठवतो म्हणाले. पाठवा. चोरांना डॉक्टर काय करणार?

ऐकलं की कांताबाईने परवा चंद्री दारव्ह्याच्या बाजारात नेली. माल पकडला गेला की लोक काटा विकून मोकळे होतात, हे नोकरीत पुष्कळ पाहिलं.

१७ डिसेंबर

डॉक्टर दीपा येऊन गेल्या. वय तिशीच्या आत. मोटारसायकलवरून आल्या, गमबूट पायात.

मी म्हटलं, चौकातून सुरुवात करा, नाहीतर तांड्यावरून. त्या म्हणाल्या, "गोठा इथंच आहे ना काका, इथूनच करू." मुऱ्हेसमोर बसल्या. चार खळग्यांची एक पांढरी ताटली काढली. प्रत्येक सडाच्या दोन दोन धारा एकेका खळग्यात घेतल्या, वर जांभळं पाणी ओतलं आणि ताटली गोल फिरवली.

दूध पाण्यासारखं फिरलं नाही. चारही खळग्यांत घट्ट झालं. अंड्याच्या पांढऱ्यासारखं. ताटली तिरपी केली तर गोळा होऊन लोंबू लागलं.

"काका, ही म्हैस कधी घेतली?"

"दसऱ्याच्या सुमारास. पण हिची कास पाहा, सूज आहे का कुठे?"

"सूज नसतेच. आतल्या आत राहणारा कासदाह आहे. जुना आहे. विकणाऱ्याला माहीत असणार. दूध कोण काढतं?"

"मीच."

"आणि गावात?"

मी बादली दाखवली. कापड दाखवलं. पांढरं स्वच्छ होतं. कडुनिंबाचं पाणी, घरोघरी फेरी, पुसायची पद्धत, सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मधेच त्यांनी लिहिणं थांबवलं.

"एकच कापड? सगळ्या म्हशींना?"

"रोज धुतो."

त्यांनी ताटली धुऊन पिशवीत टाकली. मग उकंडाकडे गेलो, रुपीबाईकडे गेलो, त्या तिघांकडे गेलो. जिथे बादली गेली होती तिथे ताटलीत दूध घट्ट होत होतं. जिथे गेली नव्हती तिथे ते पाण्यासारखं फिरत होतं. माझ्यामागे सारं गाव चालत होतं. मी वहीत लिहून घ्यायचं सोडून दिलं.

मी विचारलं, जंतूचा आणि फॅटचा संबंध काय? साय तर साय आहे.

त्यांनी तिथेच, उकंडाच्या गोठ्यात उभं राहून सांगितलं. कासेतल्या पेशी रक्तातून चरबीचे कण उचलतात आणि त्यांची दुधातली साय बांधतात. जंतू आत शिरला की त्या पेशी ते काम टाकून देतात. शरीर सगळी ताकद लढाईकडे वळवतं. ढेप घाला, सरकी घाला, अंगी लागत नाही, उलट पाठीवरची चरबीही खर्ची पडते. थोडीफार साय बनते तीही फुटून जाते, म्हणून लोणी येत नाही आणि वास मारतो. आणि रक्तातलं मीठ दुधात झिरपतं.

"म्हणून खारट?" उकंडाने विचारलं. माझ्याकडे न पाहता विचारलं.

"म्हणून खारट."

"अन् पानी नाई, साय नाई, काईच नाई?"

"काहीच नाही, भाऊ. म्हैसच पातळ देते. बिचारी दुसरं देऊच शकत नाही."

कांताबाईच्या घरासमोरून गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "इथं होती ना एक नागपुरी? संघाच्या यादीत सर्वांत जास्त फॅट तिचंच होतं." कुणीतरी म्हणालं, विकली. "अरेरे. नागपुरी काटक असते. वेळेवर कळलं असतं तर सडात औषधाची ट्यूब सोडून आठवड्याभरात पूर्ववत झाली असती. कुणी फोन का नाही केला?"

कुणी उत्तर दिलं नाही. गावात एवढी सभ्यता आहे, हे मला माहीत नव्हतं.

१८ डिसेंबर

प्रयोगशाळेचा अहवाल अजून यायचा आहे. जांभळ्या पाण्याने आजार कळतो, कुणाकडून कुणाला झाला ते कळत नाही. निरीक्षक म्हणून मी अशा पुराव्यावर कुणावर खटला भरला नसता.

विमल म्हणाली, "लोण्याचं म्या दिवाळीच्या आंधीच सांगतलं होतं."

एवढंच म्हणाली. जेवण वाढलं.

२० डिसेंबर

कांताबाईकडे गेलो. दावणीची जागा सारवलेली. खुंटा तसाच. निकिता आली आहे, उन्हात भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून म्हणाली, "या काका. मशीन नाई आनली सोबत?"

कांताबाई बाहेर आली. तिने बसायला सांगितलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

मी म्हटलं, "कांताबाई, म्हशीला आजार होता असं निघालं."

"आइकलं."

"कुणाला विकली? परत मिळते का पाहू. व्यापाऱ्याचं नाव सांग."

"व्यापाऱ्यानं नाई घेतली. तीन जनं पाहून गेले. दूध काहून कमी फॅटचं, म्हने. म्या लपवलं नाई. सांगतलं, फॅट लागत नाई, खारट बी लागते, घेनार असान तं हे पाहून घ्या. मंग दुधासाठी कोन घेईन?" तिने खुंट्याकडे पाहिलं. "दुसरा मानूस आला. त्यानं कास पाह्यलीच नाई. पाठीवर हात फिरवून मांस पाह्यलं."

तिने खोटं बोलून विकली असती, तर चंद्री आज कुणाच्या तरी गोठ्यात असती. माझ्या मुऱ्हेच्या व्यापाऱ्याने तसंच विकलं होतं.

मी म्हटलं, "तुला केंद्रात परत घेतो. उद्यापासून ये."

"काय घेऊन येऊ, साहेब? दोर?"

आजवर ती मला भाऊ म्हणायची.

निघताना तिने विचारलं, "आजार कोनापासून झाला म्हन्ते डाक्टरीनबाई?"

मी म्हटलं, "ते नक्की सांगता येत नाही."

अहवाल आलेला नाही. तेव्हा हे खोटं नव्हतं.

२४ डिसेंबर

अहवाल आला. सगळीकडे एकच जंतू.

केंद्राच्या फळ्यावर सूचना लिहिली. 'जनावरांच्या आजारामुळे फॅट कमी लागत होते. औषधोपचार सुरू आहे. यात कोणाचाही दोष नाही.' ओळ सरळ आली, अक्षर चांगलं आलं.

उकंडा वाचून म्हणाला, "कोनाचाच दोष नाई म्हन्ता, तं मंग कांताबाईचा बी नाई न?"

"अर्थातच."

"तसं लिहा न मंग. तिचं नाव घालून."

मी म्हटलं, फळ्यावर जागा नाही. त्याने फळ्याकडे पाहिलं. खालचा अर्धा फळा कोरा होता. मग बरणी उचलून निघाला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

तिचं नाव घालायचं, तर ते आधी कुणी घेतलं होतं, हेही लिहावं लागलं असतं.

६ जानेवारी

सर्वांच्या म्हशी सुधारत आहेत. औषध चालू होतं तोवर बाधित घरांचं दूध फेकावं लागलं. रोज सकाळी नालीतून पांढरं पाणी वाहत होतं आणि कुत्रीसुद्धा त्याला तोंड लावत नव्हती. मुऱ्हेचे दोन सड कायमचे गेले. कापड जाळलं. आता ज्याचं त्याने काढायचं, ज्याचं कापड त्याच्याजवळ. मी कुणाच्या गोठ्यात जात नाही. कुणी बोलावतही नाही.

गाडी चालू राहिली. संघाने अभिनंदन कळवलं.

२१ जानेवारी

निकिताला मुलगी झाली, असं विमलकडून कळलं होतं. तिला दूध कमी येतं, हेही.

आज सकाळी रांगेत कांताबाई उभी होती. दूध घालणाऱ्यांच्या नव्हे, सुटं विकत घेणाऱ्यांच्या. हातात पितळेचा लोटा. तिचा नंबर आला तेव्हा मी वर न पाहता विचारलं, "किती?"

"अर्धा लिटर. बाळंतिनीसाठी पाह्यजे, साहेब. चांगलं हाये न?"

"चांगलं आहे. साडेसात फॅट लागलं आज."

"तसं नाई. चाखून सांगा."

रांग थांबली. उकंडा होता, रुपीबाई होती. ती रागाने बोलत नव्हती. मी कधी तिच्याशी बोललो होतो, तितक्याच शांतपणे बोलत होती. मी कॅनमधून थोडं दूध हातावर घेतलं आणि चाखलं.

"कसं लागते?"

"गोड आहे."

"मीठ नाई न?"

"नाही."

"मंग द्या."

मी अर्ध्या लिटरचं माप भरलं, लोट्यात ओतलं आणि वर आणखी थोडं घातलं. थोडं म्हणजे पावशेर असेल. आयुष्यात कुणाला मापाबाहेर दिलं नाही, म्हणून हात चुकला असेल, किती घालावं ते कळलं नाही. कांताबाईने लोट्यात डोकावून पाहिलं. मग माझ्या हातातलं माप हातातच असताना तिने लोटा तिरपा केला आणि जास्तीचं दूध सावकाश त्यात परत ओतलं. थेंब सांडला नाही.

"माप बरोबर ठेवा, साहेब," ती म्हणाली. पैसे मोजून काउंटरवर ठेवले आणि गेली.

मी माप हातात घेऊन उभा राहिलो. दुसऱ्याच्या भांड्यात गेलेलं दूध कॅनमध्ये परत घ्यायचं नाही, हा नियम मीच केला आहे. सांडून द्यावं तर सगळे पाहत होते.

शेवटी ते आत नेऊन विमलकडे दिलं. तिने विचारलं नाही कुणाचं. तापवून, झाकून ओट्यावर ठेवलं.

आता संध्याकाळी झाकण काढून पाहिलं. वर जाड, पिवळसर साय धरली आहे. घरात आम्ही दोघंच. विमलने काढलेली नाही. मीही काढलेली नाही.